पाचव्या चाकाचं घर

आमचे आजोबा टांगेवाले होते. मिरजेच्या स्टेशनाबाहेर त्यांचा टांगा उभा असे. त्याआधी, तरुणपणी, काही वर्षं त्यांनी मुंबईत व्हिक्टोरियाही हाकली होती. दोन्ही गाड्या घोड्याच्याच. पण दोघींची जात वेगळी, असं ते आम्हा नातवंडांना सांगत.

टांग्याला चाकं दोन. सवाऱ्यांचं बरंचसं ओझं चाकांवर जातं, पण थोडं दांड्यांमधून घोड्याच्या पाठीवरही येतं. सगळे मागं बसले तर गाडी उलाळ होते. दांड्या वर उचलल्या जातात आणि पोटाखालचा पट्टा घोड्याला वर ओढू लागतो. सगळे पुढं सरकले तर घोड्याची पाठ मोडते. म्हणून आजोबा टांगा सोडण्यापूर्वी एकदा वळून पाहत आणि कुणाला तरी म्हणत, "मियां, जरा आगे सरको." लहानपणी मला वाटे, हा त्यांचा उगाचचा कारभार आहे.

व्हिक्टोरियाला चाकं चार. सारं ओझं चाकांवर, घोड्यानं फक्त ओढायचं. पण चार चाकांची गाडी वळायची कशी? पुढचा आस वळला तरच ती वळणार. त्यासाठी पुढच्या आसावर एक लोखंडी कडं आडवं बसवलेलं असतं. वरची गाडी त्या कड्यावर टेकते, मधोमध खिळा असतो, आणि वंगण लावलेल्या त्या कड्यावर पुढचा आस डावी-उजवीकडे फिरतो. हे आडवं कडं इंग्रजीत 'फिफ्थ व्हील' म्हणून ओळखलं जातं. चार चाकं उभी, पाचवं आडवं. जमिनीला ते कधी लागत नाही, पण गाडी वळते ती त्याच्याच जिवावर.

मुंबईतल्या व्हिक्टोरिया आता रस्त्यावरून गेल्या. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हौसेच्या फेऱ्यांसाठी त्या चालवणं बेकायदा ठरवलं आणि वर्षभरात बंद करायला सांगितलं. घोड्यांच्या हालअपेष्टा पाहता ते योग्यच झालं. आजोबांचं ते कडंही माझ्या आठवणीतून गेलं होतं. ते पुन्हा भेटलं २०२३ च्या उन्हाळ्यात, थेट अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावाजवळच्या एका विक्रीच्या मैदानात.

आमचे भाईजान, म्हणजे माझे थोरले बंधू, पस्तीस वर्षांपासून त्या गावी आहेत. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी नोकरी केली. २०२१ मध्ये त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली, पाठोपाठ ते निवृत्त झाले, आणि त्यांच्या मनानं एकच गोष्ट घेतली. म्हणाले, "अरे, पस्तीस वर्षं अमेरिकेत राहून पाहिलं काय? कारखाना, घर, मशीद आणि किराण्याचं दुकान. आता एक फिरतं घर घ्यायचं आणि तुझ्या भाबीला घेऊन वर्षभर देश बघायचा." भाबींचा विरोध नव्हता. त्यांचा प्रश्न एवढाच होता, की साठवलेल्या पैशातला मोठा वाटा एका ओढायच्या डब्यात घालायचा, आणि तो डबा हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसानं ओढायचा, हे झेपेल का? मी महिनाभरासाठी गेलो होतो. निवड करताना "तू सोबत ये," असं दोघांनीही मला वेगवेगळं बोलावून सांगितलं. दोघांनाही मी आपल्या बाजूनं बोलेन असं वाटत होतं.

त्या मैदानात पांढऱ्या डब्यांच्या रांगाच रांगा. ढोबळ मानानं प्रकार तीन. एक, स्वतःचं इंजिन असलेलं घर, म्हणजे बसच. दुसरा, साधा ट्रेलर. मोटारीच्या मागच्या बंपरखाली एक लोखंडी गोळा असतो, त्याला तो अडकवतात. आणि तिसरा, ज्याचा पुढचा भाग हत्तीच्या कपाळासारखा उंच आणि पुढं आलेला असतो. तो मोटारीला जोडता येत नाही. त्याला पिकअप लागते, म्हणजे मागं उघडा हौदा असलेली गाडी. त्या हौद्यात एक लोखंडी ताट बसवतात. ट्रेलरच्या कपाळाखालून एक जाड खुंटा उतरतो, तो त्या ताटाच्या खाचेत जाऊन अडकतो. या तिसऱ्या प्रकाराचं नाव विक्रेत्यानं सांगितलं, "फिफ्थ व्हील."

मी वाकून पाहिलं. आडवं ताट, मधोमध खुंटा, वर वंगण. आजोबांचं कडंच ते. आपल्याकडे न्हावाशेवा बंदराच्या रस्त्यावर कंटेनर ओढणारे जे लांबलचक ट्रेलर दिसतात, त्यांच्या पोटातही हेच आहे. मग मी भाईजानना म्हणालो, घर निवडण्याआधी या कड्याची गोष्ट समजून घेऊ. मी कवी माणूस, शिक्षण बीए. यंत्रातलं मला काही कळत नाही. पण गोष्ट कळली की वस्तू थोडी कळते, एवढा माझा अनुभव आहे.

ती गोष्ट भाईजानांच्याच राज्यात सुरू होते. १९१४ साली डेट्रॉइट शहरात ऑगस्ट फ्रुहॉफ नावाचा एक लोहार होता. बग्ग्या, वॅगनी दुरुस्त करणं, घोड्यांना नाल मारणं हा त्याचा धंदा. फ्रेडरिक सिब्ली नावाचा एक लाकडाचा व्यापारी त्याच्याकडे आला. त्याला आपली होडी उत्तरेकडच्या सरोवरावर न्यायची होती आणि घोडे लावायचे नव्हते. त्याच्याकडे फोर्डची मॉडेल टी मोटार होती. फ्रुहॉफनं दोन चाकांची एक गाडी बनवली. तिचं मागचं ओझं तिच्या चाकांवर आणि पुढचं टोक फोर्डच्या मागच्या भागावर टेकलेलं. अर्धं ओझं स्वतःचं, अर्धं ओढणाऱ्याच्या पाठीवर, म्हणून त्यानं तिचं नाव ठेवलं 'सेमी-ट्रेलर'. सिब्लीची होडी पोहोचली. मग त्यानं लाकडं वाहायला तशाच गाड्या मागवल्या आणि लोहाराचा कारखानदार झाला. १९१८ मध्ये फ्रुहॉफ ट्रेलर कंपनी उभी राहिली.

नीट पाहिलं तर ही गाडी म्हणजे टांगाच. दोन चाकं आणि दांड्यांमधून ओढणाऱ्याच्या पाठीवर येणारं ओझं. पण मोटार म्हणजे घोडा नव्हे. ती वळली की मागच्या गाडीला तिच्याबरोबर सांध्यात फिरता आलं पाहिजे आणि खड्ड्यात दोघींना वेगवेगळं डोलता आलं पाहिजे. इथं व्हिक्टोरियाचं कडं कामाला आलं. १९१५ च्या सुमारास चार्ल्स मार्टिन यानं ट्रकसाठी असं कडं बनवलं, जे आडवं फिरतंही आणि पुढं-मागं झुलतंही. आज जगभर माल वाहणाऱ्या ट्रेलरांचं कूळ इथं जुळतं. टांग्याची पाठ आणि व्हिक्टोरियाचं कडं, या दोहोंचं लग्न लागलं ते पहिल्या महायुद्धाच्या काळात.

पण लाकडं वाहणं वेगळं आणि घर वाहणं वेगळं. कड्यावर घर ठेवण्याचं काम ज्यानं केलं तो माणूस मला फार आवडला. त्याचं नाव ग्लेन कर्टिस. न्यूयॉर्क राज्यातल्या हॅमंड्सपोर्ट या लहानशा गावात १८७८ मध्ये त्याचा जन्म झाला. आधी सायकली, मग मोटारसायकली. १९०७ मध्ये फ्लोरिडाच्या वाळूवर आठ सिलिंडरच्या मोटारसायकलीवरून तो ताशी १३६ मैलांहून अधिक वेगानं गेला. आपल्या मापात ताशी सुमारे २१९ किलोमीटर. पुढच्याच वर्षी ४ जुलैला त्यानं 'जून बग' नावाचं विमान लोकांसमक्ष उडवून बक्षीस मिळवलं. राइट बंधूंशी त्याचा पेटंटवरून मोठा तंटा झाला, तो पहिल्या महायुद्धापर्यंत चालला. कोर्टकचेऱ्या, कारखाने, युद्धाची विमानं या साऱ्यात या माणसाला एकच विरंगुळा होता. रानात जाऊन तंबू ठोकायचा आणि शिकार-मासेमारी करायची.

आपल्या सावत्र भावासोबत त्यानं रानातल्या मुक्कामासाठी एक ओढायचं घर काढलं, त्याचं नाव 'मोटर बंगलो'. हे नाव वाचून मला हसू आलं. बंगला हा शब्द आपल्याकडचा. इंग्रजांबरोबर तो विलायतेला गेला आणि तिथून अमेरिकेतल्या चाकांवर चढला.

१९२० च्या दशकात कर्टिस फ्लोरिडात आला आणि जमिनीच्या धंद्यात पडला. मायामीजवळ त्यानं गावं वसवली. त्यांतलं एक १९२६ चं, ओपा-लोका. या गावाची कल्पना 'अरेबियन नाइट्स'वरून घेतलेली. नगरपालिकेच्या इमारतीला घुमट आणि मिनार. रस्त्यांची नावं अलीबाबा, अलादीन, सुलतान, शहराजाद. आमच्या घरी आजी रात्री अलिफ लैलाच्या गोष्टी सांगायची. फ्लोरिडात एका वैमानिकानं त्या गोष्टींचं गाव बांधावं, याची मला गंमत वाटली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मायामीवर मोठं चक्रीवादळ आलं आणि जमिनीचा फुगलेला बाजार बसला. कर्टिसनं मात्र हात बांधून बसणं पसंत केलं नाही.

१९२८ पासून त्यानं 'एरोकार' बनवायला घेतली. ट्रेलरच, पण विमान बनवणाऱ्या माणसाचा. सांगाडा हलक्या लाकडाचा, त्याला विमानाच्या अंगासारख्या तारांनी ताणून धरलेलं. त्यामुळं आकार मोठा आणि वजन कमी. आत झोपायची जागा, स्वयंपाकाची जागा. आणि जोडणी? मोटारीच्या मागच्या भागात त्यानं हवा भरलेलं एक रबरी चाक चक्क आडवं झोपवलं. त्याच्या मध्यात ट्रेलरचा खुंटा उतरायचा. रस्त्याचे धक्के ते चाक गिळायचं आणि वळतानाही तेच सांधा व्हायचं. लोखंडाचं कडं पुन्हा खरोखरीचं चाक झालं. धनिकांनी एरोकार सहलीला घेतल्या, हॉटेलांनी पाहुणे आणायला घेतल्या, कंपन्यांनी फिरती दुकानं म्हणून घेतल्या. कर्टिस मात्र जुलै १९३० मध्ये, अवघ्या ५२ व्या वर्षी वारला.

आता कुणी विचारेल, कर्टिसनं एवढी खटपट का केली? मोटारीच्या मागं गोळ्याला ट्रेलर अडकवणं सोपं नव्हतं का? सोपं होतं, आणि १९३० च्या दशकात बहुतेकांनी तेच केलं. वॉली बायम यांचे चकाकते ॲल्युमिनियमचे 'एअरस्ट्रीम' ट्रेलर १९३६ पासून गाजले, तेही गोळ्याला अडकवायचे. मंदीत कितीक कुटुंबं अशा ट्रेलरांतच राहिली, आणि दुसऱ्या महायुद्धात सरकारनं कारखान्यांच्या कामगारांसाठी हजारो ट्रेलर घेतले. पण गोळ्याची एक अडचण आहे. तो मोटारीच्या मागच्या चाकांच्याही मागं असतो. तिथं दाब आला की मोटारीचं नाक उचललं जातं. बाजूनं वारा आला किंवा मोठा ट्रक शेजारून गेला, की मागचा डबा शेपटीसारखा हलतो आणि पुढच्या मोटारीची मागची बाजू ढकलतो. ट्रेलर जितका लांब आणि जड, तितकं हे भय मोठं. कड्याची जागा मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढं असते. तिथला दाब चाकांवर सरळ उतरतो आणि शेपटीला पुढच्या गाडीला ढकलायला तेवढा हात सापडत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर दोन गोष्टी जमल्या. १९५६ च्या कायद्यानं अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचं जाळं विणायला घेतलं, आणि पिकअप हे शेतकऱ्याचं वाहन साध्या घरांच्या दारात येऊ लागलं. पिकअपचा हौदा मोकळा, आणि तो बरोबर मागच्या आसावर. १९६० आणि १९७० च्या दशकांत तिथं मालट्रकासारखं ताट बसू लागलं, आणि आजचं फिफ्थ व्हील घर रूढ झालं. ताटाच्या वरची उंच जागा फुकट जाऊ नये म्हणून तिथं झोपायची खोली आली. म्हणून या घरांत शिरलं की दोन-तीन पायऱ्या चढून शेजघरात जावं लागतं. भाबींना गुडघ्याचा त्रास. विक्रेता स्वयंपाकघरातल्या फ्रिजबद्दल बोलत होता, आणि भाबी त्या पायऱ्या पुन्हा पुन्हा चढून-उतरून पाहत होत्या. त्या दिवशी मैदानात सगळ्यात शहाणं माणूस त्याच होत्या, असं मला आता वाटतं.

विक्रेत्यानं जो ट्रेलर पुढं केला तो देखणा होता. मुक्कामी गेल्यावर बटण दाबलं की भिंती बाहेर सरकायच्या आणि खोली दुप्पट व्हायची. तो म्हणाला, "तुमची पिकअप ११,००० पौंड ओढते. हा ट्रेलर ९,८०० पौंडांचा. बाराशे शिल्लक." भाईजानांचा चेहरा उजळला. आजच सही केली तर किंमत कमी, असंही विक्रेत्यानं सांगितलं. असं तो का म्हणत होता, ते नंतर कळलं. साथीच्या काळात लोकांना हॉटेलात जायचं नव्हतं, म्हणून २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कारखान्यांतून अशी ६ लाखांहून अधिक वाहनं बाहेर पडली. तो विक्रम होता. २०२३ मध्ये हा आकडा सुमारे ३ लाख १३ हजारांवर आला. मैदानं भरलेली आणि गिऱ्हाईक पातळ झालेलं.

मला आजोबा आठवले. मी विचारलं, "भाईजान, ही ओढते किती ते कळलं. हिच्या पाठीवर किती चालतं?"

ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. दार उघडलं की एक छोटी चिठ्ठी दिसते. माणसं आणि सामान मिळून इतक्या वजनाच्या वर कधीही जाऊ नका, असं तीवर किलो आणि पौंड दोन्हींत छापलेलं असतं. भाईजानांच्या गाडीवर आकडा होता सुमारे ७५० किलो. मग आम्ही तिघं गाडीच्या बोनेटवर कागद ठेवून हिशेबाला बसलो. भाईजान आणि भाबी मिळून १३५ किलो. हौद्यातलं ताट ७० किलो. उरले ५४५. आता ट्रेलर. ९,८०० पौंड हे त्याचं रिकामं वजन. त्यात पाणी नाही, भांडी नाहीत, तांदूळ नाही, कपडे नाहीत. नुसती पाण्याची टाकी भरली तरी सव्वादोनशे किलो वाढतात. भरलेल्या ट्रेलरची मर्यादा होती १२,००० पौंड, म्हणजे सुमारे ५,४५० किलो. फिफ्थ व्हीलच्या वजनापैकी साधारण पाचवा हिस्सा खुंट्यातून ओढणाऱ्या गाडीवर येतो. पाचवा हिस्सा म्हणजे १,०९० किलो. पाठ ५४५ ची, ओझं बरोबर दुप्पट.

भाईजान बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. आयुष्य कारखान्यात आकडे तपासण्यात गेलेला माणूस. मग म्हणाले, "ओढायची ताकद इंजिनाची असते रे. पाठीची ताकद कमानींची, आसाची आणि टायरची. इंजिन ओढत राहिलं असतं, आणि मी कुठल्यातरी उतारावर..." भाबींनी त्यांना ते वाक्य पुरं करू दिलं नाही. आम्ही त्या दिवशी सही केली नाही.

दोन दिवसांनी आम्ही शेजारच्या इंडियाना राज्यात एल्कहार्टला गेलो. तास-सव्वातासाचा रस्ता. अमेरिकेतल्या फिरत्या घरांपैकी बहुसंख्य या परिसरात बनतात. २००९ च्या मंदीत या भागातली बेकारी १८ टक्क्यांच्या वर गेली होती. फिरतं घर ही चैन, आणि हात आखडता घ्यायची वेळ आली की माणूस पहिली चैनच सोडतो. तिथं या घरांचं संग्रहालय आहे. १९१३ चा एक लहानसा लाकडी ट्रेलर मी तिथं पाहिला. कपाटाएवढा. भाबी म्हणाल्या, "इतकंसंच लागत होतं की माणसाला."

एल्कहार्टच्या आसपास आमिश लोकांची वस्ती मोठी. हा ख्रिस्ती पंथ मोटार बाळगत नाही, घोड्याच्या बग्गीतून फिरतो. पण या भागातल्या फिरत्या घरांच्या कारखान्यांत आमिश कामगार पुष्कळ आहेत. हातात सुतारकाम उत्तम, म्हणून. ज्या घरातून आपण कधी प्रवास करणार नाही, ती घरं ते दिवसभर बांधतात आणि स्वतः घोड्याच्या गाडीनं गावात फिरतात. एका दुकानाबाहेर अशी चार चाकी बग्गी उभी होती. मालकाची परवानगी घेऊन मी तिच्या पुढच्या आसाखाली वाकून पाहिलं. आडवं कडं, मधोमध खिळा, वंगण. शंभर पावलांवर रस्त्यावरून एक चाळीस फुटी फिफ्थ व्हील गेलं. त्याच्या पोटातही तेच.

उरलेल्या दिवसांत आम्ही उलट्या दिशेनं निवड केली. आधी पाठ, मग घर. दोनच रस्ते होते. आहे ती पिकअप ठेवायची आणि गोळ्याला अडकवायचा हलका साधा ट्रेलर घ्यायचा. त्यात दहा ते पंधरा टक्केच वजन पुढच्या गाडीवर येतं. किंवा फिफ्थ व्हीलच हवं असेल तर पिकअप बदलायची. अमेरिकेत पिकअपना अर्ध्या टनाची, पाऊण टनाची, एक टनाची म्हणतात. ही नावं जुन्या काळची, आज त्या कितीतरी जास्त वाहतात, पण पायऱ्या त्याच राहिल्या आहेत. भाईजानांना वाऱ्यात हलणारी शेपटी नको होती. छातीवर टाके पडलेल्या माणसाला स्टिअरिंगशी झुंजणं नको, हे भाबींनाही पटलं. त्यांनी जुनी पिकअप विकून पाऊण टनाची, वापरलेली घेतली. हौदा आखूड नाही ना, हेही पाहिलं. आखूड हौद्यात वळताना ट्रेलरचं कपाळ चालकाच्या खोलीवर आपटू शकतं, आणि मग मागं सरकणारं वेगळं ताट बसवावं लागतं. दारावरच्या चिठ्ठीवर आकडा होता सुमारे १,३१५ किलो.

मग घर. वापरलेलंच, २६ फुटी, भरल्यावरची मर्यादा ४,३०० किलोच्या आसपास. पाचवा हिस्सा ८६० किलो, ताट ७०, माणसं १३५. बेरीज १,०६५. हौद्यात हत्यारं टाकायलाही जागा उरली. छताची शिवण, खिडक्यांच्या कडा, कपाटांचे कोपरे भाईजानांनी हात फिरवून तपासले. या घरांचा खरा वैरी पाणी, आणि ते वरूनच शिरतं. टायरवर बनल्याचा आठवडा आणि वर्ष कोरलेलं असतं, तेही वाचलं. भाबींनी वेगळी परीक्षा घेतली. दार लावून तासभर आत बसल्या. चुलीपाशी उभं राहून पोळी लाटल्यासारखे हात केले, संडासात जाऊन आल्या, शेजघराच्या पायऱ्या मोजल्या. पायऱ्या दोनच होत्या आणि हाताला धरायला दांडा होता. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "चालेल." सरकत्या भिंती नव्हत्या, आणि त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

मी परत आलो. २०२४ च्या मे महिन्यात त्यांचा पहिला मुक्काम झाला, लेक मिशिगनच्या काठावर. निघताना भाईजानांनी वाटेत ट्रकवाल्यांच्या वजनकाट्यावर गाडी चढवली. एकदा ट्रेलरसकट, एकदा नुसती पिकअप. त्यावरून खुंट्यावरचं ओझं काढलं आणि रात्री मला फोन केला. ९७५ किलो निघालं होतं. मर्यादेत होतं, पण हिशेबापेक्षा शंभरावर जास्त. शोध घेतला तेव्हा कळलं, की भाबींनी तांदळाची गोणी, डाळी, लोणच्याच्या बरण्या आणि माझी तीन पुस्तकं पुढच्या कपाळाखालच्या फडताळात भरली होती. ते सगळं मागच्या बाजूच्या स्वयंपाकघरात हलवलं. दुसऱ्या दिवशी काट्यावर आकडा आला ८८५.

फोनवर मागून भाबींचा आवाज येत होता. भाईजान हसत होते. म्हणाले, "अरे, दादांचं सगळं उलटं झालं. आज मी तांदळाला म्हणालो, मियां, जरा पीछे सरको."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)